पांझरेचा पूर आणि दाराजवळचे गाठोडे

खानदेश म्हटला म्हणजे बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे ऊन उभे राहते. काळी जमीन, कपाशीची शेते, केळीचे बाग आणि वैशाखात अंगाची लाही करणारा वारा, एवढेच या प्रांताचे चित्र त्याच्या मनात असते. पुराचे नाव निघाले की आपणांस कोकण आठवते, कृष्णाकाठ आठवतो. तापीचे खोरे आठवत नाही. खुद्द खानदेशी माणसास विचारावे, तर तो दुष्काळाच्या दहा गोष्टी सांगेल आणि पुराची एखादी, तीही आठवून आठवून सांगेल. परंतु इतिहासाची साक्ष या बाबतीत लोकस्मृतीहून निराळी आहे. कोरड्या समजल्या गेलेल्या या प्रांतात नद्यांनी गावेच्या गावे धुऊन नेली आहेत, आणि ती बहुधा अशा वेळी नेली आहेत की, जेव्हा माणसे निश्चिंत निजलेली होती. या विस्मृतीची किंमत काय पडते आणि ती पडू नये म्हणून साध्या संसारी माणसास काय करता येण्याजोगे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम नद्यांचा स्वभाव पाहू. तापी ही मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते आणि पश्चिमेकडे वाहत खानदेश ओलांडून सुरतेपाशी समुद्रास मिळते. तिला दक्षिणेकडून येऊन मिळणाऱ्या नद्यांपैकी गिरणा व पांझरा या दोन नद्या सह्याद्रीच्या अंगास उगम पावतात. खानदेशचे मैदान पर्जन्यछायेत असल्यामुळे तेथे पाऊस बेताचा. पण या नद्यांच्या उगमाकडील डोंगरांवर तो धो धो कोसळू शकतो. याचा परिणाम असा होतो की, मैदानातील गावावर आभाळ कोरडे असताना नदी मात्र दुथडी भरून येते. ज्याने सकाळी कोरड्या पात्रातून बैल नेले, त्यास संध्याकाळी पैलतीरावरच मुक्काम करावा लागतो. नदी वर्षातील बराच काळ वाळूची असते. त्यामुळे लोकांचा तिच्याशी परिचय वाढतो, धाक कमी होतो, आणि घरे हळूहळू काठाकडे सरकू लागतात. बारमाही दुथडी वाहणाऱ्या नदीस माणूस भितो. कोरड्या नदीस तो अंगण समजतो. खानदेशातील पुरांच्या हानीचे अर्धे रहस्य या एका गोष्टीत आहे.

इंग्रजी अंमल बसून पुरती चार वर्षे झाली न झाली तोच, १८२२ साली, तापीस मोठा पूर आला. त्या पुरात पासष्ट गावे समूळ नाहीशी झाली व आणखी पन्नास गावांचा काही भाग वाहून गेला. नुकसानीचा अंदाज त्या काळच्या अडीच लाख रुपयांचा करण्यात आला. १८०२ ते १८०४ या वर्षांतील लढायांची धामधूम आणि दुष्काळ यांनी हा प्रांत आधीच उजाड झालेला होता. ओसाड पडलेली गावे पुन्हा वसविण्याचा उद्योग चालू असतानाच हा घाव बसला. तथापि या पुराची आठवण खानदेशाच्या मनात राहिली असे दिसत नाही. पासष्ट गावे गेली, ही गोष्ट सरकारी ग्रंथांत मिळते. घरोघरच्या कहाण्यांत ती क्वचितच ऐकू येते.

याच काळात कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे प्रांताचे मुख्य ठाणे केले आणि पांझरेच्या दक्षिण तीरावर नवी पेठ वसविली. आग्ऱ्याच्या रस्त्यावरचे ठिकाण, सरळ आखलेले रस्ते, बाहेरून आणून वसविलेले व्यापारी, यांमुळे धुळे भराभर वाढले. पन्नास वर्षे गेली. नदी त्या पन्नास वर्षांत शहराची शेजारीण झाली होती. मग १८७२ सालचा सप्टेंबर महिना उजाडला.

तारीख १५, वार रविवार. उत्तरा नक्षत्राचे दिवस. म्हणजे पावसाळ्याचा मुख्य जोर ओसरला असे समजून लोक खरिपाच्या पिकाकडे आशेने पाहू लागतात, ते दिवस. त्या सुमारास गिरणा आणि पांझरा या दोन्ही नद्या एकदम फुगल्या. सकाळी साडेसहा वाजता पांझरेतून दर सेकंदास १,१०,००० घनफूट पाणी वाहत होते, अशी नोंद आहे. आजच्या मापाने हे सेकंदाला तीन हजार घनमीटरांहून अधिक होते. ज्या नदीतून उन्हाळ्यात पोरे उड्या मारीत पलीकडे जातात, त्या नदीचे हे रूप होते. धुळे शहरातील पाचशे घरे वाहून गेली. समोरच्या तीरावरील एक सबंध गाव पाहता पाहता दिसेनासे झाले. दोन्ही नद्यांच्या काठची मिळून १५२ गावे नुकसानीत आली, सोळा लाख रुपयांची मालमत्ता नष्ट झाली, आणि एक हजारांहून अधिक माणसांस सरकारी व खासगी दानधर्मावर दिवस काढावे लागले. पुढे १८७५ व १८७६ या सालीही पूर आले; ते इतके भयंकर नव्हते एवढेच.

आकडे वाचून मन सुन्न होते खरे, पण आकड्यांनी प्रसंग कळत नाही. साडेसहाच्या त्या सकाळी एखाद्या घरातील बाईने काय उचलले असेल, याची कल्पना करून पाहावी. एका काखेत मूल. दुसऱ्या हातात काय? तांब्या, दागिन्याची डबी, देव, की पिठाचा डबा? वेळ घटकाभराचा नव्हे, पळभराचा. जे हातात येईल ते उचलायचे आणि धावायचे. अशा वेळी मनुष्याची बुद्धी नवी योजना करू शकत नाही; आधी केलेली योजना असली तर तेवढी पार पाडू शकते. हीच या लेखातील मुख्य गोष्ट आहे.

पूर ओसरल्यावर जे संकट येते, ते पुराहून कमी नसते, फक्त ते आवाज करीत नाही. खानदेशातील जुनी घरे मातीच्या भिंतींची आणि धाब्याची. धाबे म्हणजे लाकडांवर माती थापून केलेले सपाट छप्पर. उन्हापासून बचाव करण्यास त्यासारखे घर नाही. परंतु पाणी मुरलेली भिंत पुरात उभी राहते आणि पूर गेल्यावर, ऊन पडून सुकू लागली म्हणजे, भेगा जाऊन बसते. वरचे धाबे तर भिजून दुप्पट जड झालेले असते. घर वाचले म्हणून आनंदाने आत शिरलेला मनुष्य त्याच घराखाली सापडतो. दुसरे संकट पाण्याचे. विहिरीत गावची घाण उतरलेली असते, आणि तहान तर लागलेली असते. १८७२ साली त्या विहिरीतील पाण्याने पटकी का होते हे सांगणारे फारसे कोणी नव्हते. लंडनमध्ये जॉन स्नो या वैद्याने १८५४ सालीच पटकीचा संबंध पाण्याशी जोडून दाखविला होता. पण तो विचार सर्वमान्य झालेला नव्हता, आणि रॉबर्ट कॉक याने कलकत्त्यास येऊन पटकीच्या जंतूविषयी आपले शोध पक्के केले ते १८८४ साली. यास्तव त्या पिढीच्या अज्ञानास आपण नावे ठेवू नयेत. आपणांस ते ज्ञान शाळेतच मिळते. आपली हयगय मात्र अज्ञान या नावाखाली लपू शकत नाही.

तिसरी हानी कागदांची. ज्या धुळ्याने हा पूर पाहिला, त्याच धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी आपल्या आयुष्याची अखेर घालविली. तेथेच १९२६ च्या अखेरच्या दिवशी त्यांचे देहावसान झाले, आणि १९२७ साली त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्या शहरात उभे राहिले. जुने कागद मिळविण्यासाठी त्यांनी महाराष्ट्र पायांखाली घातला. वाळवीने, गळक्या छपराने आणि घरच्या लोकांच्या बेफिकिरीने किती दप्तरे नाहीशी झाली, याची हळहळ इतिहासाच्या प्रत्येक अभ्यासकास असते. राज्याच्या दप्तराची जी गोष्ट, तीच गरिबाच्या दप्तराची. त्याचे दप्तर म्हणजे सातबाऱ्याचा उतारा, शिधापत्रिका, बँकेचे पुस्तक, मुलांचे दाखले. हे कागद भिजले की नुकसानभरपाईच्या रांगेत तो सर्वांत शेवटी उभा राहतो. कारण आपण कोण आणि आपले काय गेले, हे सिद्ध करण्याचे साधन त्याच्यापाशी उरत नाही.

येथे कोणी म्हणेल की, या गोष्टी सरकारने व स्थापत्यशास्त्राने पाहावयाच्या आहेत. त्यांनी पुष्कळ पाहिले आहे, हे कबूल केले पाहिजे. पुढे सर्व हिंदुस्थानात कीर्ती पावलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या नोकरीत शिरले, तेव्हा आरंभीच्या कामांतच त्यांच्याकडे पांझरेच्या भागातील एका नळ-कालव्याचे काम आले, आणि नदीच्या पुरांशी झगडत त्यांनी ते पुरे केले. तेच विश्वेश्वरय्या पुढे १९०८ सालच्या मुसी नदीच्या प्रलयानंतर हैदराबादेस बोलाविले गेले, आणि त्यांच्या योजनेतून उस्मानसागर व हिमायतसागर हे दोन जलाशय शहराच्या रक्षणार्थ उभे राहिले. खानदेशातही गिरणेवर धरण झाले, तापीवर हतनूर झाले, पांझरेवर अक्कलपाडा झाले. परंतु धरणाने पूर नाहीसा होत नाही. त्याचे रूप पालटते. पूर्वी तो न सांगता येई, आता पुष्कळदा दारे उघडण्यापूर्वी इशारा मिळतो. हा मोठाच लाभ आहे. पण इशारा ऐकून काय करावयाचे हे ज्यास ठाऊक नाही, त्याला तो भोंगा आणि लग्नाचा बँड सारखाच. शिवाय धरण आहे म्हणून काठावर निर्धास्त घर बांधणारा मनुष्य १२ जुलै १९६१ रोजी पुण्याने पानशेत फुटल्यावर काय पाहिले, ते विसरलेला असतो.

आणि हे केवळ जुन्या काळचे नव्हे. ऑगस्ट २०१९ मध्ये पांझरा पुन्हा धुळ्याच्या पुलांवर चढली. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी चाळीसगावास तितूर व डोंगरी या नद्यांनी वेढले. ज्यांची नावे तालुक्याबाहेर फारशी कोणास ठाऊक नव्हती अशा या लहान नद्या. त्यांनी एका रात्रीच्या पावसात बाजारपेठ बुडविली, गुरे वाहून नेली, आणि त्याच वेळी कन्नडच्या घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला. मदत ज्या रस्त्याने यावयाची, तो रस्ताच संकटात सापडला होता. फार काय, भूमीदेखील येथे अगदी निश्चल नाही: १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात मोठा भूकंप झाला होता, हे आज किती जणांस ठाऊक असेल?

मग एवढा इतिहास असून खानदेश पुरास विसरतो कसा? याचे कारण मला असे दिसते. या प्रांतास संकटाची तयारी करता येत नाही असे मुळीच नाही. पण त्याने जी तयारी शिकली ती दुष्काळाची. दुष्काळ पावलापावलाने येतो. मृग कोरडा जातो, आर्द्रा कोरडी जाते, भाव चढतात, गुरे विकली जातात. महिनेच्या महिने आधी त्याची चाहूल लागते. म्हणून त्यावरचा उपाय म्हणजे साठा: कणगीत ज्वारी, माळ्यावर कडबा, डब्यांत डाळी. सरकारचेही तसेच झाले. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर इलाख्याइलाख्यांत दुष्काळ-संहिता तयार झाल्या; पण सर्व प्रकारच्या आपत्तींच्या निवारणाचा एकत्रित कायदा देशात झाला तो २००५ साली. म्हणजे राजा आणि प्रजा या दोघांनीही सावकाश येणाऱ्या शत्रूसाठी शस्त्रे घडविली. एका रात्रीत येणाऱ्या शत्रूपुढे ती शस्त्रे निरुपयोगी ठरतात. किंबहुना जो साठा दुष्काळात तारतो, तोच पुरात माणसास मारतो. कारण कणगी सोडून जाण्यास त्याचे मन घेत नाही. दुष्काळाची तयारी कोठीत असते. पुराची तयारी गाठोड्यात असते. कोठी भरण्याची विद्या आपणांपाशी आहे. गाठोडे बांधण्याची विद्या आपण अद्याप शिकावयाची आहे.

हे गाठोडे कसे असावे? पहिली अट अशी की, ते घरातील अशक्त पण चालत्या माणसास एका हाताने उचलता यावे. दुसरी अशी की, ते दाराजवळ, जमिनीपासून उंच, खुंटीस टांगलेले असावे आणि घरातील पोरासही त्याची जागा ठाऊक असावी. आत तीन दिवस पुरेल असे कोरडे खाणे ठेवावे: फुटाणे, शेंगदाणे, गूळ, मुरमुरे, इशारा मिळून वेळ असेल तर दशम्या कराव्यात, त्या प्रवासात टिकतात हे खानदेशी गृहिणीस सांगावयास नको. पिण्याचे पाणी दर माणशी दर दिवशी सुमारे चार लिटर धरावे. तेवढे गाठोड्यात मावत नाही, म्हणून झाकणाचे डबे वेगळे भरून ठेवावेत आणि नेता येईल तेवढे न्यावे. सोबत पाणी शुद्ध करण्याच्या क्लोरीनच्या गोळ्या असाव्यात. साखर आणि मीठ यांची पुडी अवश्य हवी. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर व अर्धा लहान चमचा मीठ घातले म्हणजे जुलाबाने सुकत चाललेल्या मुलाचे प्राण वाचविणारे पेय तयार होते. १९७१ साली बंगालच्या सरहद्दीवर बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी साखर-मिठाच्या अशाच पाण्याने पटकीच्या असंख्य रोग्यांस वाचविले. शिरेतून द्यावयाचे औषध संपले असता हा उपाय कामी आला. ज्या पटकीपुढे १८७२ ची माणसे हतबल होती, तिच्यावरचा हा उपाय आज पुडीत मावतो.

याखेरीज नित्याची औषधे एक आठवड्याची, जखमेस लावण्याचे औषध व पट्ट्या, विजेरी व तिचे मसाले, शिट्टी, काडेपेटी, चाकू, बळकट दोर, एक चादर, जाड तळव्याची पादत्राणे, बायकांच्या व तान्ह्या मुलांच्या गरजेच्या वस्तू, म्हाताऱ्यांचा जादा चष्मा, सुट्या नोटा, मोबाईलची वीज भरून ठेवण्याचे साधन आणि मसाल्यावर चालणारा लहान रेडिओ. कागद मेणकापडात किंवा दोन पदरी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळावेत, आणि त्यांत नातलगांचे क्रमांक हाताने लिहून ठेवावेत. कारण मोबाईल बंद पडला म्हणजे आजकाल सख्ख्या भावाचाही क्रमांक कोणास आठवत नाही. जिल्ह्याच्या आपत्ती-नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि तातडीच्या मदतीचा ११२ हे दोन आकडे भिंतीवर लिहावेत.

निघतानाची व परततानाची शिस्तही याच विद्येचा भाग आहे. निघताना विजेचे मुख्य बटण व गॅस बंद करावा, आणि गुरांची दावी सोडावीत. दाव्यास बांधलेले जनावर बुडते, सुटलेले पुष्कळदा उंचवटा गाठते. फरशीवरून पाणी वाहत असेल तर ती ओलांडू नये. घोट्याच्या थोडे वर चढलेले वाहते पाणी माणसाचा तोल घालविते, आणि दोन फूट पाणी मोटारगाडीस उचलून नेते. ‘रोजची वाट आहे’ या एका वाक्याने जितके लोक बुडाले तितके अनोळखी वाटेने बुडाले नसतील. परतल्यावर घरात एकदम शिरू नये. भिंतीस फुगवटा वा नवी भेग आहे का, धाबे लवले आहे का, हे बाहेरून पाहावे. हातात काठी घेऊन पुढची जागा चाचपावी. पाण्याने बिळे सोडलेले साप कोरडी जागा शोधीत घरातच आलेले असतात. ओल्या हाताने विजेच्या बटणास शिवू नये. विहीर उपसून, औषध टाकून शुद्ध होईपर्यंत तिचे पाणी पिऊ नये. जे पाणी प्यावयाचे ते खळखळून उकळलेले असावे. पुराच्या पाण्यात भिजलेले धान्य टाकून द्यावे. कणगीवर जीव असलेल्या शेतकऱ्यास हे सांगताना जीभ जड होते, पण ते सांगितलेच पाहिजे. चिखल काढताना पाय उघडे ठेवू नयेत, आणि नंतर ताप आला तर चिखलात काम केल्याचे डॉक्टरास आठवणीने सांगावे.

यावर दोन आक्षेप येतात. एक असा की, संकटाचे गाठोडे बांधणे म्हणजे संकटास आमंत्रण देणे. घरात अभद्र बोलू नये. पण आपण दिव्याशेजारी काडेपेटी ठेवतो ती अंधारास बोलाविण्याकरिता नव्हे. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. गरीब मनुष्य विचारतो, ‘आमच्याजवळ आहेच काय, की ते बांधून ठेवावे?’ पुरास उच्चनीच कळत नाही असे म्हणतात, ते अर्धेच खरे आहे; पाणी सर्वांस सारखे, पण काठाची सखल जागा ज्याच्या वाट्यास येते तो बहुधा गरीबच असतो. सबब त्याचे गाठोडे बांधून देणे हे गावाचे काम आहे. शाळा, पतपेढी, तालीम, गणेश मंडळ यांनी काठावरच्या घरांची यादी करावी. कोणत्या घरात आजारी माणूस आहे, कोणास चालता येत नाही, त्यास कोण उचलणार, हे पावसाळ्यापूर्वी ठरवावे. १८७२ च्या त्या एक हजार माणसांस दान मिळाले, ही चांगली गोष्ट झाली; पण दान पुरानंतर येते, शेजार पुराच्या आधी असतो.

हे काम करावयाचे कधी? त्यासाठी नवा दिवस शोधण्याचे कारण नाही. अक्षय्य तृतीया म्हणजे खानदेशची आखाजी. त्या दिवशी सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, आणि घरोघर पूर्वजांच्या नावाने पाण्याची घागर भरून पुजली जाते. मृगास अवघा महिनाभर उरलेला असतो, आणि घरची सर्व माणसे एकत्र असतात. त्याच दिवशी खुंटीवरचे गाठोडे खाली काढावे. जुने फुटाणे पोरांस वाटून नवे भरावेत, औषधांच्या तारखा पाहाव्यात, विजेरी लावून बघावी, आणि घरातील वडील माणसाने पोरांस विचारावे की, रात्री पाणी आले तर कोठे जमायचे? त्यांनी एका सुरात उत्तर दिले म्हणजे समजावे की, १८२२ च्या पासष्ट गावांची आणि १८७२ च्या पाचशे घरांची आठवण या घरात जागी आहे. गेलेल्यांच्या नावाची घागर आपण भक्तीने भरतोच; असलेल्यांच्या नावाचे गाठोडे तिच्या शेजारी बांधले, तर पूर्वजही त्यास नको म्हणणार नाहीत.